सक्ती नाही, पण यायचंच

सर कुणावरही सक्ती करत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, आणि दिवसातून इतक्या वेळा सांगतात की ऐकणाऱ्याला घाम फुटतो. "सक्ती मुळीच नाही," एवढं म्हणून ते थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात, समोरच्या मुलाच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पुरता उमटू देतात आणि मग वाक्याचा उरलेला भाग सोडतात, "पण यायचंच!"

दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवतात. पण शेवाळं आणि नेचे यांच्यासाठी त्यांना ओळखणारे थोडे. कॉलेज त्यांना ओळखतं ते राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे एनएसएसचे, कार्यक्रम अधिकारी म्हणून. असे सर प्रत्येक कॉलेजात असतात. कुठे ते इतिहास शिकवतात, कुठे गणित, कुठे ते बाई असतात. चेहरा बदलतो, पण खांद्यावरची पिशवी तीच. तिच्यात हजेरीचं रजिस्टर, दोन मार्कर, सेलोटेप, बिस्किटांचा फुटका पुडा आणि मागच्या कार्यक्रमाचं न वसूल झालेलं बिल. माझ्या वाट्याला जे सर आले ते मूळचे वाशिमकडचे. वैशालीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. सकाळी ब्लू लाइनने राजीव चौक, तिथून यलो लाइनने विश्वविद्यालय. या प्रवासात त्यांच्या मांडीवर कधी रोपं असतात, कधी गुंडाळलेला बॅनर, कधी पथनाट्याची डफली. गाझियाबादपासून उत्तर दिल्लीपर्यंतचे रोजचे प्रवासी त्यांना फेरीवाला समजतात.

हे पद सरांनी मागितलेलं नव्हतं. ते कुणीच मागत नाही. स्टाफ कौन्सिलच्या बैठकीत विषय निघतो, "एनएसएस कोण घेणार?" आणि एकाएकी सगळ्यांना खिडकीबाहेरची खार फार आवडू लागते. मग ज्याच्याविषयी सर्वांचं एकमत होऊ शकतं असा एकच सदस्य उरतो, तो म्हणजे गैरहजर सदस्य. त्या दिवशी सर पुतण्याच्या लग्नाला कारंज्याला गेले होते. अक्षता हातात असतानाच मोबाइलवर अभिनंदनाचे संदेश यायला लागले. नियमाप्रमाणे कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, फार तर चौथं. सरांचं चौथं चालू आहे. आता ते एकही बैठक चुकवत नाहीत.

त्यांचं ऑफिस जिन्याखाली आहे. दारावर 'छात्र नेतृत्व एवं सेवा प्रकोष्ठ' अशी पाटी, आणि आत शिरताना नेतृत्वाला मान वाकवावी लागते, नाहीतर जिन्याची पायरी कपाळाला लागते. एक टेबल, दीड खुर्ची, क्रीडा विभागाच्या फाटक्या नेट आणि एक लोखंडी कपाट. कपाटात झाडू, घमेली, हातमोजे आणि कुठल्याशा प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेली, त्यांनी न नेलेली शाल. भिंतीवर योजनेचं बोधचिन्ह, कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक. त्याला आठ आरे. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास सेवेस तयार, असं सर नव्या मुलांना सांगतात. मुलं मान डोलावतात आणि रात्री नऊनंतर त्यांचे फोन लागत नाहीत.

दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं आली की सर उद्बोधनाचं भाषण करतात. त्या भाषणात त्यांचा कंठ खरा फुटतो, कारण त्यात देशमुख येतात.

"पोट्टेहो, तुम्ही इथं कायले आले ते समजून घ्या," अशी हिंदीत, पण वऱ्हाडी वळणाने सुरुवात होते. १९५९ साली सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. देशमुख म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या नात्यात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडणारे, आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. या समितीने शिफारस केली की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्राची सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. ते काही झालं नाही. खर्च मोठा, व्यवस्था अवघड. मग के. जी. सैयदैन यांनी देशोदेशी तरुणांची सेवा कशी चालते ते पाहिलं आणि १९६० मध्ये सांगितलं की हे काम स्वेच्छेनेच व्हावं. पुढे कोठारी आयोगानेही शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा हवी म्हटलं. आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ४०,००० स्वयंसेवक.

"आता गंमत बघा," सर इथे टेबलावर थाप मारतात. "राव १९५७ ते ६० आपल्या दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. देशमुख १९६२ ते ६७ आपले कुलगुरू. अन् कोठारी आपल्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे हे सगळं प्रकरण शिजलं कुठं? इथंच!"

एका वर्षी या परमोच्च बिंदूवर मागच्या बाकावरून हात वर आला. सर हरखले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतिहासावर प्रश्न! मुलीने विचारलं, "सर, हे देशमुख म्हणजे पिंक लाइनवाल्या दुर्गाबाईंचे मिस्टर ना?"

सरांनी मान्य केलं. 'दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस' हे मेट्रो स्टेशन आहेच. रिझर्व्ह बँक, अर्थमंत्रिपद, राजीनामा, समिती हे सगळं एका बाजूला आणि रोज गाडीत पुकारलं जाणारं बायकोचं नाव दुसऱ्या बाजूला. दिल्लीत ओळख अशीच टिकते. दुर्गाबाईंचं काम त्या मानाला पुरेपूर पात्र आहे, हेही सरांनी लगेच सांगितलं, पण तोवर वर्ग 'ब्लू लाइनवरून पिंक लाइन कुठे बदलायची' या चर्चेत शिरला होता.

देशमुख आणि सैयदैन यांच्यातला वाद देशाने १९६९ मध्ये मिटवला, असं आपण समजतो. तो मिटलेला नाही, तो सरांच्या अंगावर टाकलेला आहे. योजना स्वेच्छेची, पण दोन वर्षांत २४० तास भरलेच पाहिजेत. स्वयंसेवक आपणहून येणार, पण एका युनिटमागे शंभर नावं लागणार. सेवा मनापासून, पण सही दोन वेळा, येताना आणि जाताना. या दोन टोकांमध्ये जी फट राहते तिथे सर उभे असतात, एका हातात रजिस्टर आणि दुसऱ्या हातात ब्रेड पकोड्यांची पिशवी घेऊन.

"तिकडं मुंबई विद्यापीठात एनएसएसचे दहा मार्क वाढवून मिळतात," ते कधीकधी सुस्कारा सोडतात. "दहा मार्कांसाठी पोट्टे विहीर खणतील. इथं मले पकोड्यावर भागवा लागते."

सरांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, या २४० तासांशी जुना वाद आहे. "दोन वर्षांत २४० तास?" त्या मला म्हणाल्या, "माझी एवढी सेवा महिन्याभरात होते. अन् माझा बॅज कुठं आहे?" सरांनी त्या दिवशी खरोखर एक बॅज आणून दिला. वहिनींनी तो साडीच्या पिनेऐवजी वापरला. सर त्यालाही योजनेचा प्रसार मानतात.

पकोड्यापेक्षा जालीम उपाय म्हणजे पद. हा शोध सरांचा नाही, दिल्लीच्या हवेतच तो आहे. या शहरात माणूस पत्त्यापेक्षा हुद्द्यावरून सापडतो. तेव्हा शंभर स्वयंसेवकांच्या युनिटमध्ये अध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, सरचिटणीस, दोन सहचिटणीस, खजिना नसताना खजिनदार, मग ग्राफिक्स हेड, कंटेंट हेड, सोशल मीडिया हेड, लॉजिस्टिक्स हेड, आउटरीच हेड, प्रत्येकाचा एक डेप्युटी आणि प्रत्येक डेप्युटीमागे 'एक्झिक्युटिव्ह' म्हणून चार जण. या पदांसाठी गूगल फॉर्म, मग गटचर्चा, मग मुलाखत. मुलाखतीत अध्यक्ष विचारतो, "तुमच्यातला नेता तुम्हाला पहिल्यांदा कधी भेटला?" आणि सतरा वर्षांची मुलगी तिसरीतल्या मॉनिटरपदापासूनची वाटचाल सांगते. सर कोपऱ्यातल्या अर्ध्या खुर्चीवर बसून रोपांना लावायच्या चिठ्ठ्या लिहितात. निवड झाली की प्रत्येकाचा फोटो, निळी चौकट, खाली 'अभिनंदन'. अशा सदतीस चौकटी एका संध्याकाळी निघतात. पुढच्या रविवारी सफाईला येतात नऊ जण.

लग्नात सगळेच वरबाप झाले तर पंगत कोण वाढणार, तशी ही गत. योजनेचं बोधवाक्य 'नॉट मी, बट यू', म्हणजे मी नव्हे, तुम्ही. कपाटातून झाडू बाहेर आला की अख्खी कोअर टीम हे बोधवाक्य मनापासून आचरणात आणते.

मग सरांनी डोकं चालवलं. त्यांनी 'ऑन-ग्राउंड एक्झिक्युशन हेड' असं एक नवं पद काढलं. फॉर्ममध्ये जबाबदारी लिहिली: 'प्रत्यक्ष स्थळी संसाधनांचा परिणामकारक वापर'. ढीगभर अर्ज आले. निवडलेल्या मुलाच्या हातात त्यांनी पहिल्याच रविवारी संसाधन दिलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, "सर, यह तो झाड़ू है।" सर म्हणाले, "याचा परिणामकारक वापर कर." मुलाने केला, अगदी मन लावून केला. पुढच्या आठवड्यात त्याने दोन डेप्युटी मागितले.

सरांचं वर्ष आपल्यासारखं चैत्रापासून फाल्गुनापर्यंत चालत नाही, ते दिनविशेषांवर चालतं. २१ जूनला योग, २४ सप्टेंबरला स्थापना दिवस, २ ऑक्टोबरला झाडू, ३१ ऑक्टोबरला एकता दौड, २६ नोव्हेंबरला संविधानाची प्रस्तावना, १ डिसेंबरला एड्स, १२ जानेवारीला युवा, २५ जानेवारीला मतदार. प्रत्येक दिवसाचं परिपत्रक आदल्या संध्याकाळी येतं आणि त्यात 'मोठ्या संख्येने' हे शब्द हमखास असतात. सक्ती परिपत्रकातही नसते. फक्त दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत फोटो मागवलेले असतात.

सगळ्यांत अवघड ५ जून, जागतिक पर्यावरण दिन. एका वनस्पतिशास्त्रज्ञाला दिल्लीत ५ जूनला झाड लावायला सांगणं म्हणजे त्याच्या हातून त्याच्याच विषयाचा खून करवणं. पारा पंचेचाळिसाकडे गेलेला, लू सुटलेली, जमीन भाजून निघालेली आणि पाऊस दिल्लीत पोचायला जूनचा शेवट उजाडणार. त्या दिवशी लावलेलं रोप ७ जूनला काडी होतं. सर पहिल्या वर्षी प्रिन्सिपलसमोर पोटतिडकीने बोलले. प्रिन्सिपलनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग फोटो?"

तेव्हापासून सरांनी तोडगा काढला आहे. ५ जूनला खड्डा खणतात, प्रमुख पाहुणे रोप हातात धरतात, खड्ड्यावर झुकतात, झारीतून पाणी घालतात, टाळ्या होतात, फोटो निघतो. रोपाची काळी पिशवी मात्र सर कुणाला काढू देत नाहीत. पाहुणे गेले की ते सगळी रोपं उचलून जाळीच्या सावलीत नेऊन ठेवतात आणि जुलैत, दोन दमदार पाऊस झाल्यावर, त्याच खड्ड्यांत लावतात. अहवालातल्या फोटोत झाडाबरोबर पिशवीही लावलेली दिसते, हे आजवर एकाही वरिष्ठाच्या ध्यानात आलेलं नाही.

कुठलं झाड लावायचं यावरही त्यांचं मत ठाम असतं. पाहुण्यांना सरळ उंच वाढणारा, फोटोत रुबाबदार दिसणारा अशोक हवा असतो. सर हळूच धाऊ पुढे करतात. विद्यापीठाला लागूनच दिल्लीचा रिज, अरवलीचं शेपूट. इंग्रजांच्या काळात आणलेल्या विलायती कीकराने तो गिळून टाकला आणि तिथली मूळची धाऊसारखी झाडं मागे रेटली गेली, हे सांगताना सरांचा आवाज चढतो. पाहुणे दचकतात. त्यांना वाटतं, विलायती हा शब्द आपल्या सुटाकडे पाहून वापरला.

एकदा हिवाळ्यात प्रदूषणाविरुद्ध रॅली ठरली. घोषणा लिहिल्या, मास्क आणले, ढोलकवाला सांगितला. आदल्या रात्री हवा इतकी बिघडली की वर्ग ऑनलाइन झाले आणि प्रदूषणविरोधी रॅली प्रदूषणामुळे रद्द झाली. सोशल मीडिया हेडने सुचवलं की रॅलीही ऑनलाइन घेऊ. घेतली. चौकटी चौकटीतून मुलं फलक धरून बसली, दोघं पांघरुणातूनच. ढोलकवाल्याने मात्र घरबसल्या वाजवायचेही पूर्ण पैसे घेतले. त्याला कुणी स्वयंसेवक केलेलं नव्हतं.

यमुनेच्या सफाईला मात्र मुलं आपणहून येतात, कारण घाटावर फोटो चांगले येतात आणि जवळ मजनू का टिल्याला मोमो मिळतात. सर घाटाच्या पायरीवर उभे राहून सांगतात: नदी तेराशे किलोमीटरहून लांब, वजीराबाद ते ओखला हा दिल्लीतला तुकडा जेमतेम २२ किलोमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी, आणि नदीतल्या एकूण घाणीतला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा याच तुकड्याचा. त्यातही एकटा नजफगढचा नाला सगळ्यांचा बाप. मुलं गप्प होतात. निर्माल्य, प्लॅस्टिक, देवांच्या जुन्या तसबिरी असं पोत्यात भरू लागतात. एकदा एका मुलाने कमरेवर हात ठेवून विचारलं, "सर, मग आधी तो नालाच नीट केला तर?"

सर म्हणाले, "नाला आपल्या कक्षेत येत नाही, बेटा. आपल्या कक्षेत पोतं येतं."

सेवा झाली हे ठरवतो बॅनर. बॅनर नसेल तर तुम्ही नुसते उन्हात उभे असता. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर पटेल चेस्टच्या गल्लीत दिसतात. तिथे निम्म्या विद्यापीठाचे शोधनिबंध झेरॉक्स होतात आणि उरलेल्या निम्म्याचे फ्लेक्स छापले जातात. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचा फोटो गोलात, कुणाचा चौकोनात, हा राजशिष्टाचार सर परराष्ट्र खात्याच्या गांभीर्याने सांभाळतात. त्यांची एकच काटकसर आहे, ते बॅनरवर साल कधीच छापत नाहीत. 'स्वच्छता पंधरवडा' हा बॅनर सरांच्या आधीच्या सरांनी केलेला आहे आणि सरांच्या नंतरचे सरही तोच वापरतील. एका पंधरवड्यासाठी केलेली वस्तू इतकी टिकल्याचं उदाहरण सरकारी कामात दुर्मीळ.

फोटोवर हल्ली अक्षांश-रेखांश लागतात. कॉलेजच्या मूल्यांकनाला नॅकची समिती आली की विस्तारकार्याचा पुरावा मागते, तोही जिओ-टॅग असलेला. त्यामुळे सर रोप, मुलं, पाहुणे आणि उपग्रह या चौघांचा मेळ जमेपर्यंत कुणाला हलू देत नाहीत. एकदा टॅगमध्ये हरियाणातलं कुंडली आलं. सगळ्यांना पुन्हा झाडू धरून उभं केलं, तोवर कचरा उचलून झाला होता. लॉजिस्टिक्स हेडला कचरा परत आणायला पाठवलं.

फेब्रुवारी-मार्च हा सर्टिफिकेटांचा हंगाम. जिन्याखालच्या दाराशी रांग लागते. या रांगेत सरांना पूर्वी कधी न दिसलेले चेहरे दिसतात. "सर, मी दोन वर्षं ॲक्टिव्ह मेंबर आहे." "सर, मी ग्रुपमध्ये प्रत्येक मेसेजला अंगठा दिलाय." एकाने तर शपथेवर सांगितलं की तो प्रत्येक फोटोत आहे, फक्त कॅमेऱ्याच्या मागे. एमबीएच्या मुलाखती तोंडावर आलेल्या असतात आणि तिथे सेवाभाव कागदावर लागतो. सर रजिस्टर उघडतच नाहीत. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "झाडूच्या कपाटाची किल्ली कुठं असते?"

जो कधीही कामाला आला असेल त्याला ती ठाऊक असते. ती पहारेकऱ्याच्या खोलीत, कॅलेंडरामागच्या खिळ्याला असते. या परीक्षेत दरवर्षी निम्मी कोअर टीम नापास होते. यंदा लॉजिस्टिक्स हेडही झाला. त्याच्या मते किल्ली सांभाळणं डेप्युटीचं काम होतं.

आता इतकं वाचून कुणालाही वाटेल की हा सगळा देखावाच. मलाही बरेच दिवस तसंच वाटे. पण परीक्षांच्या दिवसांत सरांच्या घरी जाऊन बसलं की वेगळंच काही दिसतं. विद्यापीठात दृष्टिहीन विद्यार्थी बरेच आहेत. ते उत्तरं सांगतात आणि लेखनिक लिहितो. ठरलेला लेखनिक ऐन वेळी आजारी पडतो, गावी जातो, किंवा नुसताच उठत नाही. मग रात्री दहाला सरांचा फोन वाजतो: उद्या सकाळी पेपर आहे, लेखनिक नाही.

एका रात्री तो असाच वाजला. सरांनी ग्रुपवर लिहिलं. पाचच मिनिटांत सगळ्या पदाधिकाऱ्यांनी तो संदेश एकमेकांना पाठवून दिला. आउटरीच हेडने 'वुई केअर' असं लिहिलं. ग्राफिक्स हेडने अर्ध्या तासात देखणं पोस्टर बनवलं, त्यात उगवता सूर्य होता, दोन हात होते आणि परीक्षेच्या खोलीचा नंबर चुकलेला होता. अध्यक्ष मात्र खरंच यायला तयार झाला. पण इथे नियम आडवा आला. परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी कमी शिकलेला हवा, असं केंद्र सरकारची २०१८ सालची मार्गदर्शक तत्त्वं तेव्हा सांगत होती. परीक्षार्थी तिसऱ्या वर्षाचा आणि बहुतेक पदाधिकारीही तिसऱ्याच वर्षाचे. अख्खं नेतृत्व एका नियमाने अपात्र ठरलं. चार वर्षांत सर इतके खूश झालेले मी पाहिले नव्हते.

आला तो पहिल्या वर्षाचा एक मुलगा, समस्तीपूरकडचा. डेप्युटी कंटेंट हेडच्या मुलाखतीत पडलेला. 'तुमच्यातला नेता कधी भेटला' या प्रश्नावर 'अजून नाही' म्हणाला होता. अक्षर सुवाच्य, स्वभाव अबोल. तीन तासांचा पेपर आणि तासाला वीस मिनिटं या हिशेबाने मिळणारा जादा तास, असे सलग चार तास तो दुसऱ्याची उत्तरं लिहीत बसला. त्यातली निदान दोन चुकीची आहेत असं त्याला वाटत होतं, तरी परीक्षार्थीने जे सांगितलं तेच त्याने लिहिलं. हात बधिर झाला तेव्हा फक्त "एक मिनट, भैया" म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने सरांना पहिला प्रश्न विचारला, "सर, इसके घंटे जुड़ेंगे ना?"

मला वाटलं, सरांचा विरस होईल. सर उलट खुलले. "जुड़ेंगे. चार," म्हणाले आणि तिथेच कॉलेजच्या ऑनलाइन फॉर्मवर भरायला बसले. उपक्रमाचा प्रकार निवडायचा होता. पर्याय चारच: स्वच्छता, वृक्षारोपण, जनजागृती, रॅली. सरांनी क्षणभर विचार करून 'रॅली' निवडलं. सहभागींची संख्या: १. फॉर्मने लाल अक्षरांत हरकत घेतली. सरांनी खोडून २ केलं. "लिहिणारा एक अन् सांगणारा एक," मला म्हणाले, "खोटं कुठं आहे त्यात?" बॅनरचा फोटो मागितला तिथे त्यांनी 'स्वच्छता पंधरवडा' जोडला.

त्या संध्याकाळी चहा पिताना मला एक गोष्ट ध्यानात आली. आदल्या रात्रीच्या संदेशात सरांनी सवयीप्रमाणे 'सक्ती नाही' एवढं लिहिलं होतं आणि घाईत पुढचा भाग लिहायचा राहून गेला होता. तरी मुलगा आला होता. मी विजयी मुद्रेने म्हटलं, "सर, म्हणजे सैयदैनच बरोबर होते. स्वेच्छेनेच माणूस येतो. देशमुखांची सक्ती नकोच होती."

सरांनी कप खाली ठेवला. "एका पोट्ट्यावरून सिद्धांत मांडू नका, बाप्पा. माह्या युनिटात शंभर आहेत. हा एक सैयदैनांचा. बाकीचे नव्व्याण्णव देशमुखांचे."

"मग तुम्ही कोणाचे?"

"मी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दुसऱ्या दिवशीच्या रक्तदान शिबिराची यादी पुढ्यात ओढली. यादीत अध्यक्षाच्या नावापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह केलं होतं. रक्त द्यायला किमान पंचेचाळीस किलो वजन लागतं आणि तो वर्षभर नुसतं नेतृत्व करून त्रेचाळीसवर आला होता. "दोघंही मोठी माणसं. दोघांनीही अभ्यास केला, अहवाल दिले. पण सकाळी साडेसहाला फोन कोणी करायचा, हे काही दोघांनीही लिहून ठेवलं नाही."